यूकेत पहिलं घर घेताना सबसिडन्सच्या विम्याचं काय करायचं

आमचं एक्सचेंज (म्हणजे खरेदीचा करार पक्का होणं) शुक्रवारी ठरलं होतं आणि मंगळवारी सॉलिसिटरचा मेल आला की बिल्डिंग इन्शुरन्सची कॉपी पाठवा. मी म्हटलं गाडीचा काढतो तसाच काढायचा, कंपॅरिझन साइट उघडायची, स्वस्तातला बघायचा, कार्ड टाकायचं, दहा मिनिटांचं काम. रात्री जेवणं झाल्यावर बसलो फॉर्म भरायला. नाव, पत्ता, बेडरूम किती, छप्पर कसलं, आणि मग एक प्रश्न आला की या घरात सबसिडन्स, हीव्ह किंवा लँडस्लिपची चिन्हं कधी दिसली आहेत का, हो की नाही. सर्व्हे रिपोर्ट (घराच्या तपासणीचा अहवाल) उघडून बघितला तर त्यात लिहिलेलं की मागच्या एक्स्टेंशनच्या जोडावर जुनी हालचाल दिसते, बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे, सध्या चालू वाटत नाही. हे "हो" धरायचं की "नाही"? "हो" वर क्लिक केलं आणि पंचवीस-तीस कंपन्यांची लिस्ट यायची तिथे एक ओळ आली, सॉरी, कोट देता येत नाही. तोंडचं पाणी पळालं. विमा नाही तर लेंडर (कर्ज देणारी बँक) पैसे सोडत नाही, पैसे नाहीत तर एक्सचेंज नाही.

तेव्हा जी धावपळ झाली ती तुमची होऊ नये म्हणून हे लिहितोय. मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सबद्दल आहे, स्कॉटलंडमध्ये थोडं वेगळं चालतं ते मध्ये सांगतो. एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे, विमा घराच्या कागदपत्रांत शेवटी जोडायचा कागद नाहीये, सर्व्हे हातात आला की लगेच विमा मिळतोय का ते बघायचं, बाकी सगळं नंतर.

आधी चार शब्द

सबसिडन्स म्हणजे घराखालची जमीन खचणं. हीव्ह म्हणजे उलटं, जमीन फुगून पाया वर ढकलणं. लँडस्लिप म्हणजे उतारावरची माती सरकणं. हे तिन्ही साधारण एकत्रच कव्हर होतात. चौथा शब्द सेटलमेंट, म्हणजे नवीन बांधलेलं घर स्वतःच्या वजनाने खाली बसणं, आणि हा सहसा कव्हर होत नाही. सर्व्हेमध्ये यातला नेमका कुठला शब्द वापरलाय हे बघायला विसरू नका, सगळ्याला "क्रॅक" म्हणून मोकळं होऊ नका.

जमीन का हलते हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको. काळ्या रानात उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच माती फुगून भेगा मिटतात, लंडन क्ले तशाच स्वभावाची आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचा मोठा भाग अशा चिकणमातीवर बसलाय. व्हिक्टोरियन घरांचे पाये उथळ, शेजारी ओक किंवा विलो किंवा पॉप्लर, कोरडा उन्हाळा आला की मुळं पाणी ओढतात, माती आक्रसते आणि घराचा एक कोपरा खाली जातो. यूकेत घराच्या विम्यात सबसिडन्स यायला लागलं १९७१ मध्ये आणि पाचच वर्षांत १९७६ चा दुष्काळ पडला, तेव्हापासून विमा कंपन्या या विषयात ताकही फुंकून पितात. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांनंतरही क्लेम्सची लाट आली. २०२२ च्या जुलैमध्ये लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ डिग्री झालं होतं, तेव्हा इथे असाल तर आठवत असेलच.

पण झाडं आणि माती एवढंच कारण नसतं. फुटलेल्या ड्रेनमधून पाणी झिरपून पायाखालची माती वाहून जाते, हे कारण खूप कॉमन आहे आणि त्यातल्या त्यात दुरुस्त करायला सोपं. आणि भागाप्रमाणे बाकीची कारणं आहेत, साउथ वेल्स, यॉर्कशर, डरहॅम वगैरे भागात जुन्या कोळशाच्या खाणी, चेशरमध्ये मीठ उपसून झालेल्या पोकळ्या, रिपनमध्ये जिप्सम विरघळून पडणारे खड्डे, कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या खाणी. म्हणजे लंडनमध्ये घेत नाही म्हणून सुटलो असं समजू नका.

घर बघायला गेल्यावर

किचन सगळेच बघतात, तुम्ही भिंती बघा. खिशात एक पाउंडाचं नाणं ठेवा. हे नाणं २.८ मिलिमीटर जाड असतं आणि ३ मिलिमीटरच्या वरची भेग म्हणजे लक्ष द्यायची भेग असं ढोबळ धरतात, तर नाणं उभं धरून भेगेत आरामात शिरलं तर सर्व्हेअरला ती भेग मुद्दाम दाखवायची. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या रेघा जवळजवळ प्रत्येक घरात असतात, त्याने घाबरून चांगलं घर सोडू नका. सर्व्हेअर लोक बीआरई या बांधकाम संशोधन संस्थेच्या डायजेस्ट २५१ मधली ० ते ५ अशी वर्गवारी वापरतात, त्यात ५ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा सहसा दिसण्यापुरतं नुकसान यातच मोडतात, त्याच्या वर मध्यम, आणि १५ मिलिमीटरच्या वर गेलं की गंभीर.

रुंदीपेक्षा आकार जास्त बोलतो. सबसिडन्सची भेग बहुतेक तिरकी असते, खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघते, वर रुंद आणि खाली निमुळती (हीव्हची असेल तर याच्या उलट असू शकते), आणि आतल्या भिंतीवर दिसते तिथेच बाहेरच्या विटांतही दिसते. आत दिसली की बाहेर जाऊन त्याच जागी बघा. दारं घासतात का, खिडकी नीट बसते का, कोपऱ्यात वॉलपेपरला सुरकुत्या पडल्यात का. जुन्या घरांची बे विंडो आणि नंतर बांधलेलं एक्स्टेंशन या दोन जागा खास बघायच्या, कारण त्यांचा पाया बाकीच्या घरापेक्षा वेगळ्या खोलीवर असू शकतो आणि मग दोन भाग आपापल्या चालीने हलतात. अख्खं घर जुनाट आणि एकाच कोपऱ्याला ताजा रंग असेल तर आपण काही आरोप करायचा नाही, फक्त विचारायचं.

आणि महिना कुठला आहे ते लक्षात घ्या. चिकणमातीवरच्या भेगा उन्हाळ्याच्या शेवटी उघडतात आणि हिवाळ्यात बऱ्याच मिटतात, तेव्हा फेब्रुवारीत गुणी बाळासारखं दिसणारं घर सप्टेंबरमध्ये वेगळं दिसू शकतं. आम्ही फेब्रुवारीत बघितलं होतं.

एजंटला एक प्रश्न ईमेलवर विचारा, फोनवर नाही: या घरावर कधी सबसिडन्सचा क्लेम झालाय का, आणि अंडरपिनिंग (पायाखाली नवा आधार घालणं) झालंय का? उत्तर लेखी राहतं. "मला कल्पना नाही, सेलरला विचारतो" असं आलं तरी ठीक, निदान प्रश्न नोंदला गेला.

सर्व्हे

मॉर्टगेजवाल्यांचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे, ते लेंडरसाठी असतं, कधीकधी तर कुणी घरात पाऊलसुद्धा ठेवत नाही. आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या संस्थेचे लेव्हल १, २, ३ असे सर्व्हे असतात, ३ सगळ्यात सखोल. जुनं घर, एक्स्टेंशन, चिकणमाती, जवळ मोठं झाड, यातलं काहीही असेल तर लेव्हल ३ घ्या, तिथे पैसे वाचवणं मला तरी पटत नाही.

रिपोर्टमध्ये "पुढील तपासणी करावी" असं आलं तर चार्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा. बोलवताना त्याला आधीच सांगा की मला हे विमा कंपनीला दाखवायचंय, तीन गोष्टी साध्या भाषेत लिहून द्या: हालचाल कशामुळे झाली, अजून चालू आहे का, आणि काही दुरुस्ती करायला हवी का. आमच्या इंजिनिअरने पानभराचं पत्र दिलं, सगळी गाडी त्या एका पानावर पुढे गेली. ड्रेनचा संशय असेल तर सीसीटीव्ही ड्रेन सर्व्हे, कॅमेरा पाइपात सोडतात, त्याला फार खर्च नाही.

कोळशाच्या पट्ट्यात घर असेल तर सॉलिसिटर कॉन२९एम नावाचा मायनिंग सर्च मागवतो, नाही मागवला तर तुम्ही विचारा. हा रिपोर्ट ज्यांच्या माहितीवर बनतो त्या कोल अथॉरिटीचं नाव नोव्हेंबर २०२४ पासून मायनिंग रेमेडिएशन अथॉरिटी झालंय, जुन्या कागदांवर जुनंच नाव दिसेल, गोंधळू नका. कोळशाच्या खाणीमुळे घराचं नुकसान झालं तर १९९१ च्या कोल मायनिंग सबसिडन्स कायद्याखाली ती जबाबदारी बहुतेक वेळा या अथॉरिटीची असते, विमा कंपनीची नाही. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

आता विमा शोधायचा, याच आठवड्यात

सगळ्यात आधी सॉलिसिटरकडून सेलरने घराबद्दल भरलेला टीए६ फॉर्म मागवून स्वतः वाचा. त्यात घराच्या विम्याबद्दल विचारलेलं असतं, विमा मिळायला त्रास झाला का, जास्त प्रीमियम किंवा एक्सेस (क्लेममध्ये आधी आपल्या खिशातून जाणारे पैसे) लावला का, क्लेम केले का. सॉलिसिटरवर विश्वास ठेवा पण हे पान तुम्ही वाचायचंच.

सगळं स्वच्छ असेल तर पुढचं काम खरंच दहा मिनिटांचं आहे. जुनी हालचाल किंवा क्लेम असेल तर कंपॅरिझन साइटवर वेळ घालवू नका. तिथला फॉर्म हो किंवा नाही एवढंच ओळखतो, "१९८० च्या आसपास थोडं हललं, आता थांबलंय" हे त्याला समजत नाही. पहिला फोन करायचा सेलरच्या सध्याच्या विमा कंपनीला. ती आत्ता या घराची जोखीम घेतेच आहे, घराचा इतिहास तिच्या फाइलमध्ये आहे, त्यामुळे नवीन मालकालाही कव्हर चालू ठेवायला ती तयार होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर एजंट किंवा सॉलिसिटरमार्फत मागायचा. आमचं शेवटी तिथेच जमलं, इंजिनिअरचं पत्र पाठवलं, त्यांनी दोन दिवस घेतले, एक्सचेंज शुक्रवारचं पुढच्या बुधवारी गेलं आणि सेलरच्या सॉलिसिटरची थोडी बोलणी खाल्ली, एवढ्यावर निभावलं.

तिथे नाही जमलं तर ब्रोकर. अंडरपिन केलेल्या किंवा जुना क्लेम असलेल्या घरांचंच काम करणारे ब्रोकर असतात, बीबा म्हणजे ब्रिटिश इन्शुरन्स ब्रोकर्स असोसिएशनकडे विचारलं की ते नावं देतात. एफसीए (वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था) हिच्या रजिस्टरवर ब्रोकरचं नाव आहे ना एवढं तपासा.

जुना क्लेम झालेला असेल तर सेलरकडून हे कागद मागा: सर्टिफिकेट ऑफ स्ट्रक्चरल अॅडिक्वसी (दुरुस्तीनंतर घर भक्कम आहे असं सांगणारा कागद), इंजिनिअरचे रिपोर्ट, अंडरपिनिंग झालं असेल तर बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लिशन सर्टिफिकेट, आणि काही गॅरंटी असेल तर ती. नीट दुरुस्त झालेलं आणि कागद असलेलं घर मला स्वतःला बिनकागदाच्या "काही झालंच नाही"पेक्षा बरं वाटतं. पण उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचा खरेदीदारही हेच प्रश्न विचारणार, तेव्हा किंमतीची घासाघीस आत्ताच करून घ्या.

फॉर्ममधल्या त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. २०१२ च्या कन्झ्युमर इन्शुरन्स कायद्याप्रमाणे कंपनीने जे विचारलं त्याचं उत्तर तुम्ही योग्य ती काळजी घेऊन खरं द्यायचं असतं. मुद्दाम खोटं सांगितलं तर ते पॉलिसी रद्द करू शकतात आणि प्रीमियमही बहुतेक परत मिळत नाही. निष्काळजीपणे चुकीचं सांगितलं तर क्लेमचे पैसे त्या प्रमाणात कापले जाऊ शकतात, किंवा खरं कळलं असतं तर विमा दिलाच नसता असं असेल तर क्लेमच उडतो.

तेव्हा प्रश्नाचा शब्द न शब्द वाचा. एक कंपनी विचारते "क्लेम झालाय का", दुसरी विचारते "नुकसान झालंय का", तिसरी विचारते "चिन्हं दिसली आहेत का", आणि या तिन्हींची उत्तरं एकाच घरासाठी वेगवेगळी येऊ शकतात. शंका आली तर स्वतःच्या मनाने टिक करू नका, फोन करा, सर्व्हेमधलं वाक्य आहे तसं वाचून दाखवा आणि त्यांना म्हणा की तुमच्या फॉर्ममध्ये हे कुठे बसतं ते तुम्हीच सांगा. मग फोन झाल्यावर एक ईमेल, "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे मी सर्व्हेचं पान जोडतोय". असा ईमेल क्लेमच्या वेळी सोन्यासारखा उपयोगी पडतो.

पॉलिसीत कुठे बघायचं

आधी एक्सेस. बाकी नुकसानीला दोनअडीचशे पाउंड असतील पण सबसिडन्सला वेगळा, साधारण १,००० पाउंड, आणि इतिहास असलेल्या घराला त्याहून जास्त. आकडा पॉलिसी शेड्यूलमध्ये असतो. सबसिडन्स मुद्दाम वगळलेली पॉलिसीही असते, ती स्वस्त दिसते, पण लेंडरला सबसिडन्स, हीव्ह, लँडस्लिप तिन्ही लागतात, त्यामुळे ती तुमच्या उपयोगाची नाही.

मग काय कव्हर नाही ते वाचा. अंगण, ड्राइव्हवे, कुंपण, बागेची भिंत हे सहसा घराचंही त्याच वेळी नुकसान झालं तरच. घराच्या आतली काँक्रीटची जमीन एकटीच हलली, बाहेरच्या भिंतींखालचा पाया हलला नाही, तर सहसा नाही. समुद्र किंवा नदीने किनारा खाल्ला तर नाही. खराब बांधकाम असेल तर नाही. आणि पॉलिसी सुरू व्हायच्या आधीचं नुकसान नाही, म्हणूनच चाव्या मिळाल्या त्या दिवशी प्रत्येक भेगेचा फोटो काढा, शेजारी ते पाउंडाचं नाणं धरून.

रक्कम घराच्या किंमतीएवढी टाकू नका. विमा रीबिल्ड कॉस्टचा असतो, म्हणजे घर पाडून परत बांधायचा खर्च, त्यात जमिनीची किंमत येत नाही. सर्व्हेमध्ये आकडा असतो, नाहीतर बीसीआयएस या बांधकाम खर्चाची माहिती देणाऱ्या संस्थेचा कॅल्क्युलेटर आहे. कमी टाकलात तर क्लेमही त्या हिशोबाने कापला जाऊ शकतो.

तारीख

इंग्लंड-वेल्समध्ये स्टँडर्ड कंडिशन्स ऑफ सेल प्रमाणे घराची जोखीम एक्सचेंजला तुमच्याकडे येते, कम्प्लिशनला (चाव्या मिळतात तो दिवस) नाही. म्हणजे सेलर अजून तिथे चहा पीत बसलाय, चाव्या त्याच्याकडे, पण घराला काही झालं तर डोकेदुखी तुमची. म्हणून पॉलिसीची स्टार्ट डेट एक्सचेंजचा दिवस. कम्प्लिशनची तारीख टाकणारे खूप भेटतात, मीही तीच टाकणार होतो. मध्ये घर रिकामं राहणार असेल तर तेही कंपनीला सांगा, ३० किंवा ६० दिवसांच्या वर रिकाम्या घराला बरंच काही लागू होत नाही. स्कॉटलंडमध्ये जोखीम साधारण ताबा मिळायच्या तारखेला येते, तिथल्या सॉलिसिटरला विचारून घ्या.

नवं घर बिल्डरकडून घेत असाल तर कम्प्लिशनपर्यंत सहसा बिल्डरच बघतो. एनएचबीसी बिल्डमार्कसारखी १० वर्षांची वॉरंटी मिळते पण ती विम्याच्या जागी चालत नाही, दोन्ही लागतात. फ्लॅट लीझहोल्ड असेल तर इमारतीचा विमा बहुतेक फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) काढतो आणि तुम्ही सर्व्हिस चार्जमधून भरता, तेव्हा तुम्ही वेगळा काढायचा नाही, पण त्यांच्या पॉलिसीची कॉपी मागून सबसिडन्स आणि त्याचा एक्सेस बघायचा, आणि तो एक्सेस कोण भरणार हेही विचारायचं.

राहायला गेल्यावर

झाड दिसलं की कुऱ्हाड घेऊन धावू नका. झाडाला टीपीओ (परवानगीशिवाय झाड तोडायला मनाई करणारा काउन्सिलचा आदेश) असू शकतो, कॉन्झर्व्हेशन एरिया असेल तर काउन्सिलला ६ आठवडे आधी नोटीस द्यावी लागते, आणि झाड घरापेक्षा जुनं असेल तर ते तोडल्यावर माती परत पाणी पिऊन फुगते आणि हीव्ह होते, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आधी कंपनीशी आणि एखाद्या आर्बोरिस्टशी बोला. ड्रेन तुंबतो असं वाटलं तर बघून घ्या, इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०११ पासून शेजाऱ्यांसोबत शेअर केलेला किंवा तुमच्या हद्दीबाहेरचा बहुतेक ड्रेन वॉटर कंपनीचा असतो, तो फुटला तर खर्च तुमचा नाही.

संशयाच्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ आणि तारीख. आमच्या जोडावर अशा रेघा आहेत, सासूबाई आल्या की विचारतात मुलांची उंची मोजताय का.

विम्यात खंड पडू देऊ नका. कंपनी बदलायची असेल तर बिनधास्त बदला, पण सलग. एबीआय या विमा कंपन्यांच्या संघटनेच्या सदस्य कंपन्यांत एक करार आहे: कंपनी बदलल्यावर ८ आठवड्यांच्या आत सबसिडन्सचा क्लेम केला तर जुनी कंपनी बघते, ८ आठवडे ते १ वर्ष असेल तर दोघी खर्च वाटून घेतात, वर्षानंतर नवीन कंपनी. मध्ये गॅप असेल तर हे सगळं कोलमडतं.

आणि क्लेम करायची वेळ आलीच तर उन्हाळ्यात भेग दिसली म्हणून हिवाळ्यात मिटायची वाट बघू नका, लगेच कळवा. ते माणूस पाठवतील, जमिनीत खड्डा घेऊन मुळं आणि माती तपासतील, भेगेवर मोजणीचे ठिपके लावतील आणि मग महिनोनमहिने नुसतं मोजत बसतील, कारण माती ऋतूप्रमाणे कशी हलते ते कळल्याशिवाय दुरुस्ती करण्यात अर्थ नसतो. अंडरपिनिंगपर्यंत थोड्याच केसेस जातात, बहुतेक वेळा झाड छाटणं किंवा ड्रेन दुरुस्ती आणि मग भेगा भरणं यावर भागतं. कंपनी टाळाटाळ करत असेल तर लेखी तक्रार करा, ८ आठवड्यांत अंतिम उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिसकडे जाता येतं, फुकट आहे, फक्त अंतिम उत्तर मिळाल्यापासून ६ महिन्यांच्या आत.